साळवेबाई आणि तीस फेब्रुवारी

१२ जून, गुरुवार, सकाळचे दहा. ठिकाण : नगरच्या सावेडीतलं, मेडिकलच्या वरचं आमचं ऑफिस. हजर : मी, प्रसाद, तबस्सुम, पेढ्यांचा एक किलोचा बॉक्स आणि पहिल्यांदाच आलेल्या श्रीमती सुशीला साळवे. गैरहजर : वीज.

मी प्रत्येक बैठकीची नोंद अशीच ठेवते. खाली ठरलेली कामं, प्रत्येकापुढे चौकोन, काम झालं की चौकोनात खूण. त्या दिवशीच्या पानावर एकच काम आहे : ‘साळवेबाईंकडून माहिती घेऊन त्यांना दोन तासांत मोकळं करणे.’ साळवेबाई आमच्याकडे साडेचार महिने राहिल्या. तो चौकोन मी शेवटी खोडून टाकला.

आधी काम काय होतं ते सांगते. जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यात (नाव लिहीत नाही, करारात तसं कलम आहे) ऊसतोडणीचा क्रम लावणारा एक प्रोग्राम आहे. कोबोल नावाच्या जुन्या भाषेत लिहिलेला, आमच्या तबस्सुमपेक्षा वयानं मोठा. कुणी कोणता ऊस कधी लावला याच्या नोंदी त्यात घालायच्या, की कोणाच्या शेतात तोडणीची टोळी कधी जाणार याची यादी बाहेर पडते. ज्याचा नंबर मागे, त्याचा ऊस उन्हात उभा. ज्या मशीनवर हे चालतं त्याचे सुटे भाग आता कुठे मिळत नाहीत, म्हणून कारखान्याने तो प्रोग्राम नव्या भाषेत आणायचं काम आम्हाला दिलं. आम्ही ते एआयकडून करून घेतलं. प्रसादने सूचना द्यायच्या, एआयने कोबोलचं जावा या नव्या भाषेत भाषांतर करायचं, तबस्सुमने पाहायचं, मी याद्या करायच्या.

कारखान्याची अट एकच होती. हंगामाच्या आधी एक दिवस ठरवायचा, दोन्ही प्रोग्रामना त्याच नोंदी द्यायच्या आणि दोन्ही याद्या ओळीला ओळ जुळल्या पाहिजेत. एक ओळ जरी चुकली तर काम पुण्याच्या मोठ्या कंपनीला. आमच्याकडे दुसरं काम नव्हतं. प्रसाद पुण्याची नोकरी सोडून याच कामाच्या भरवशावर नगरला आला होता. बायकोला सुप्याच्या एमआयडीसीत नोकरी लागली, तर आता सगळे एका घरात राहू, असा त्याचा हिशेब होता. यादी जुळली नाही, तर ऑफिसला कुलूप आणि प्रसाद पुन्हा पुण्याला कॉटबेसिसवर.

मूळ प्रोग्राम लिहिणारे गृहस्थ केव्हाच वारले होते. कारखान्याचे शेतकी अधिकारी दरंदले साहेब म्हणाले, “त्या प्रोग्रामला काय चालतं, काय चालत नाही, ते साळवेबाईंना माहीत. तीस वर्षं त्यांनीच चालवलाय. रिटायर झाल्यात, पण बोलवा.”

म्हणून बाई आल्या. वय त्रेसष्ट, फिकट निळी साडी, हातात रेक्झिनची पिशवी, डोक्यावर हेल्मेट. हेल्मेट काढलं, खुर्चीत बसल्या आणि समोरचा माउस उचलून टेबलाच्या टोकाला ठेवला. मग त्याच्यावर हातरुमाल पांघरला.

“त्याच्याकडं बघितलं की मला काई सुचत न्हाई,” त्या म्हणाल्या.

प्रसाद त्या सकाळी फार खुशीत होता. भाषांतर पुरं झालं होतं, एआयने स्वतःहून चार हजारांवर टेस्ट लिहिल्या होत्या आणि सगळ्या पास झाल्या होत्या. पेढे त्याचेच. त्याने लॅपटॉप बाईंकडे वळवला. स्क्रीनभर हिरव्या खुणा.

“ह्यो हिरवा रंग कशाचा?”

“बरोबर असल्याचा. एकही लाल नाही, बघा.”

“आमच्या मशीनवर सगळंच हिरवं हुतं,” बाई म्हणाल्या. “अक्षरं हिरवी, आकडे हिरवे, चुका बी हिरव्या. प्रोग्राम कुनी बदलला?”

“एआयने.”

“आन ह्या टेस्टा कुनी काढल्या?”

“एआयनेच.”

“त्यांची उत्तरं?”

प्रसादचा आवाज जरा खाली आला. “ती नव्या प्रोग्रामवरून... म्हणजे, एआयनेच.”

“असं व्हय. पोरानं पेपर सोडवला, पोरानंच तपासला, आन पैकीच्या पैकी मार्क घेतले.” बाईंनी पेढा तोंडात टाकला. “पेढा झ्याक हाय. निकाल मातर लागलेला न्हाई अजून.”

तबस्सुम इतकी हसली की तिला जिन्यात जाऊन उभं राहावं लागलं. प्रसादने बॉक्सचं झाकण लावलं. चार हजार टेस्ट आणि त्यांतली एकही जुन्या प्रोग्रामला काहीच विचारत नव्हती. आम्ही तिघं इंजिनिअर, आणि हे आम्हाला सांगायला बारावी पास ऑपरेटर लागली.

दुपारी बाईंना एआयशी बोलायचं होतं. तबस्सुमने शेजारी बसून दाखवलं. बाईंनी टाइप केलं : साळवे-६३ या जातीचा ऊस किती महिन्यांत तयार होतो? अशी जातच नाही. एआयने सांगितलं, चौदा महिन्यांत. ही जात मध्यम पाण्यावर येते, साखरेचा उतारा चांगला आणि तुरा उशिरा येतो.

बाईंनी आपल्या पिकलेल्या केसांवरून हात फिरवला. “तुरा उशिरा आला हे खरं हाय,” म्हणाल्या. “पन ह्यो तर नवा जावई झाला! काय बी इचारा, ‘येतं’ म्हनतो. न्हाई म्हनायची लाज वाटती त्याला.”

त्या दिवसापासून आमच्या ऑफिसात एआयला कुणी एआय म्हटलं नाही. जावई. जावई काय म्हणतायत, जावई आज रुसलेत, जावयांना परत विचारा. आणि जावई आले म्हटल्यावर जुन्या प्रोग्रामचं नाव ठेवायला वेळ लागला नाही. कारखान्यातल्या थंड खोलीत तीस वर्षं बसून राहिलेल्या, बोलायला सावकाश, पण सगळ्या तालुक्याचं लक्षात ठेवणाऱ्या त्या मशीनला आम्ही सासूबाई म्हणू लागलो.

बाईंची काम करायची रीत अशी. आकडे टाइप करताना त्या स्क्रीनकडे बघत नसत, खिडकीतून खालच्या रस्त्याकडे बघत. बोटं आपली चालू. मध्येच “त्या रिक्षावाल्याचं मागचं चाक बसलंय,” असं सांगत आणि आकडा एकही चुकत नसे. एंटर दाबण्याआधी मशीनला हळूच “चल बाई” म्हणायच्या. उत्तर आलं की तेच पुन्हा एकदा विचारायच्या. मी कारण विचारलं, तर म्हणाल्या, “ताई, चर्चच्या संडे स्कूलात पोरांना परश्न इचारते ना मी. पयल्यांदा हो म्हनलं ते पाठांतर असतं. दुसऱ्यांदा हो म्हनलं तर येतंय म्हनायचं.” प्रसादला ही सवय आधी जुनाट वाटली. पुढे जावयांनी एकाच प्रश्नाची दोन दिवसांत दोन उत्तरं दिली, तेव्हा त्याने ती भिंतीवर लिहून लावली.

आणि त्यांची वही. शंभर पानी, पुठ्ठ्याची, पाठीला डिंकपट्टी लावलेली. नोकरीच्या तीस वर्षांत जी जी विचित्र नोंद समोर आली ती बाईंनी या वहीत उतरवून ठेवली होती. एकाच गावातले, एकाच नावाचे, एकाच वडिलांच्या नावाचे चार शेतकरी. शून्य गुंठ्यांचा प्लॉट, ज्यात दरवर्षी ऊस निघतो. आडनावाच्या जागी ‘वरीलप्रमाणे’ लिहिलेला एक माणूस, जो पुढे सात वर्षं कारखान्याच्या यादीत श्री. वरीलप्रमाणे म्हणून राहिला आणि उसाची स्लिपही त्याच नावानं घेत राहिला. मी स्वतःला नीटनेटकी समजते. ती वही पाहिल्यावर माझ्या वह्यांची मला लाज वाटली.

आम्ही कामाची पद्धत बदलली. मी नवी यादी केली. टेस्टमधले प्रश्न बाईंच्या वहीतून घ्यायचे. जावयांनी त्या एकेका वेडेपणाची शंभर-शंभर भावंडं तयार करायची, हे त्यांना चांगलं जमतं. ते सगळं आधी, कारखान्याने ऑफिसात जोडून दिलेल्या लाइनवरून, सासूबाईंना घालायचं आणि त्यांचं उत्तर हेच बरोबर उत्तर धरायचं. मग तेच नव्या प्रोग्रामला घालायचं आणि दोन्ही उत्तरं आपोआप पडताळायची. जुळलं तर हिरवं, नाही तर लाल. प्रत्येक टेस्टपुढे मी एक रकाना ठेवला : कारण. म्हणजे ही टेस्ट का आहे ते एका ओळीत लिहायचं. कारण नसलेली टेस्ट यादीत घ्यायची नाही, हा माझा नियम.

“एकाच ताटातलं दोघांना वाढायचं,” बाईंनी तबस्सुमला समजावलं, “आन कोन तोंड वाकडं करतं ते बघायचं.”

पहिल्याच दिवशी अर्धा स्क्रीन लाल झाला. प्रसाद डोकं धरून बसला आणि बाईंनी टाळ्या वाजवल्या. खऱ्या टाळ्या, वाढदिवसाला वाजवतात तशा. लाल दिसलं की त्यांना इतका आनंद व्हायचा की मेडिकलवाला खालून विचारायला यायचा, काय झालं म्हणून. “आज घावलं म्हंजे हंगामात घावनार न्हाई,” त्या सांगायच्या. फळ्यावर तबस्सुमने दोन रकाने आखले, सासूबाई आणि जावई, आणि रोज गुण मांडायला लागली. आमच्या तिघांच्या आयुष्यात इतकं हसत काम आम्ही कधी केलं नव्हतं.

मग तीस फेब्रुवारी निघाली.

बाईंनी खिडकीबाहेर बघत एक नोंद घातली : लागवड ३० फेब्रुवारी. सासूबाईंनी ती निमूट घेतली. त्या शेतकऱ्याला अठ्ठावीस फेब्रुवारीच्या माणसामागे आणि एक मार्चच्या माणसापुढे बसवलं. नव्या प्रोग्रामने त्याला दोन मार्चला ढकललं. लाल.

“ही चुकीची नोंद आहे,” प्रसाद म्हणाला. “फेब्रुवारीला तीस तारीख नसते.”

“कुनाला नसते?”

“कुणालाच नसते, बाई!”

“कारखान्याला असते. जुन्या नोंदी उघडून बघ.”

प्रसादने उघडल्या. एका हंगामात तीस फेब्रुवारीला ऊस लावणारे शेकडो निघाले. तो उठून पाणी पिऊन आला आणि आधीचा हंगाम उघडला. तिथेही तेच. फेब्रुवारीत सर्वात जास्त ऊस लावला जाणारा दिवस म्हणजे तीस तारीख.

प्रकार असा होता. शेतावर जाऊन नोंद घेणाऱ्या कारखान्याच्या माणसाला सगळे चिटबॉय म्हणतात, मग तो पन्नाशीचा का असेना. महिना संपला की त्याचं नोंदबुक बंद होतं, म्हणून महिनाअखेरीला तो राहिलेल्या सगळ्यांना तीस तारीख टाकतो. जूनला तीस, सप्टेंबरला तीस, तर फेब्रुवारीला का नाही? जुन्या प्रोग्रामला कॅलेंडर कळत नाही. त्याला तारीख म्हणजे नुसता आकडा, आधी महिना मग दिवस, त्यामुळे २२८ च्या नंतर आणि ३०१ च्या आधी २३० मजेत बसतो. जावयांना कॅलेंडर पाठ. त्यांनी शहाणपणानं दोन दिवस पुढे मोजले. आणि एक तारखेला नवं नोंदबुक उघडतं, त्या दिवशी नोंदींची झुंबड असते. म्हणजे तीस फेब्रुवारीवाले सगळे त्या झुंबडीच्या मागे गेले. यादीत शेकडो नावं मागे, टोळीच्या हिशेबात काही आठवडे मागे.

“पण चूक ती चूक,” प्रसाद म्हणाला. “तारखा दुरुस्त करून घेऊ.”

“कर की. मागं कोन जाईल? तू का चिटबॉय?” बाई पहिल्यांदाच जरा चढ्या आवाजात बोलल्या. मग माझ्याकडे वळल्या. “ताई, तुमी चला माझ्याबरूबर. बसा मागं.”

मी त्यांच्या स्कूटरवर मागे बसले. बाई प्रत्येक वळणाआधी हॉर्न वाजवतात. कुणी असो नसो. तासाभरात आम्ही ओढ्यापलीकडच्या एका वस्तीवर पोचलो. नाना म्हणून सत्तरीचे एक शेतकरी बाजेवर बसून शेंगा फोडत होते. बाईंनी राम राम केला आणि सरळ विचारलं, “नाना, ऊस कवाचा?”

“तीस फेब्रुवारी,” नाना म्हणाले. शेंग फोडायचीही थांबले नाहीत.

मी म्हटलं, “नाना, फेब्रुवारीत तीस तारीख येत नाही.”

नानांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. “तुमच्याकडं न्हाई येत का?”

बाई पदर तोंडाला लावून उभ्या. नाना घरात जाऊन प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली स्लिप घेऊन आले. निळ्या शाईत, कारखान्याच्या शिक्क्यासकट : ३०/२. “ह्ये बघा. शिक्का हाय.” मग आवाज उतरवून म्हणाले, “लावला सव्वीसलाच हो. पन तो यायचा महिनाअखेरी, टाकली तीस. सगळ्यांनाच टाकतो. सुशीलाबाय, आता कायतरी नवं मशीन यनार म्हंत्यात, त्ये आमाला मार्चात टाकनार. मार्चात टाकलं म्हंजे टोळी यायला उन्हाळा. ऊस काय सावलीत बसून वाट बघतोय का?”

“न्हाई टाकनार,” बाई म्हणाल्या आणि माझ्याकडे बघितलं. मी वही काढून लिहिलं. चौकोन काढला.

परतताना मी मागून म्हटलं, “बाई, म्हणजे चूक तशीच ठेवायची?”

“हां,” वाऱ्यात ओरडून बाई म्हणाल्या. “सगळ्यांच्या सवयीची हाय. काढायची तर कारखान्यानं सांगून सवरून काढावी. मशीनच्या पोटात गपचिप न्हाई काढायची.” आणि रिकाम्या वळणावर हॉर्न वाजवला.

दुसऱ्या दिवशी फेब्रुवारीला तीस दिवस मिळाले. प्रसादने स्वतःच्या हातानं ते लिहिलं, तोंड कडू करून. टेस्टपुढच्या ‘कारण’ रकान्यात मी लिहिलं : चिटबॉयची सवय. मग जावयांना सांगितलं, अशाच आणखी तारखा काढा. त्यांनी एकतीस जून काढली, शून्य सप्टेंबर काढला, तेरावा महिनाही काढला. सासूबाईंनी शून्य सप्टेंबर घेतला आणि तेरावा महिना परत पाठवला. बाई हरखून गेल्या. “आता घरातला झाला बगा जावई,” म्हणाल्या, आणि त्या दिवशी डब्यातला चिवडा त्यांनी लॅपटॉपसमोरही चमचाभर ठेवला.

सप्टेंबर संपेपर्यंत लाल खुणा कमी होत होत नाहीशा झाल्या. आता हिरव्याकडे बघून बाई टाळ्या वाजवत नसत, पण कुरकुरतही नसत.

ऑक्टोबरचा शेवटचा मंगळवार, पडताळणीचा दिवस. हजर : वरचे चौघं आणि दरंदले साहेब. ठिकाण : कारखान्याची ती थंड खोली. बॉयलर पेटायला आठवडा राहिला होता. नव्या प्रोग्रामने यादी मिनिटभरात काढली. सासूबाईंनी पाऊण तास घेतला. साहेबांचा हट्ट होता की जुनी यादी कागदावर छापून हवी, म्हणून जुना प्रिंटर खोलीभर करकरत राहिला, भोकांच्या कागदाची घडी गुडघ्यापर्यंत आली आणि प्रसाद नखं खात उभा होता. त्याच्या बायकोचा फोन दोनदा वाजला. त्याने उचलला नाही.

तबस्सुमने दोन्ही याद्या पडताळायला लावल्या. हिरवं, हिरवं, हिरवं, स्क्रीन खाली पळत राहिला आणि थांबला.

एक लाल.

सासूबाईंच्या यादीत पहिल्या नंबरावर एक प्लॉट होता. लागवड उशिराची, तरी पहिला. नव्या यादीत तोच प्लॉट तारखेप्रमाणे बराच खाली. प्रसादने जुना कोबोल उघडून शोधलं. सापडली. सगळ्या प्रोग्राममध्ये एकच ओळ : अमुक प्लॉट असेल तर त्याला सगळ्यांत आधी घ्या. का, ते लिहिलेलं नाही.

“मग नव्यात का नाही आली?” साहेबांनी विचारलं.

जावयांनी भाषांतराबरोबर टिपा दिल्या होत्या. प्रसादने त्या चाळल्या. शेवटच्या पानावर स्वच्छ लिहिलं होतं : एक ओळ चाचणीपुरती लिहून राहून गेलेली दिसते, ती काढली आहे. ‘टिपा वाचणे’ हे काम माझं होतं. माझ्या वहीत त्याच्यापुढे खूण होती. मी पहिली चार पानं वाचून खूण केली होती. ते मी तिथेच, सगळ्यांसमोर सांगितलं. आणि वहीतली ती खूण खोडली.

प्रसाद भिंतीकडे बघत होता. बाई म्हणाल्या, “सायेब, ती ओळ बरूबर हाय. दरसाल तोच प्लॉट पयला जातो, म्हनून वहीत कदी लिवला न्हाई. चिटबॉयला इचारा, मुकादमाला इचारा.”

“ते मलाही माहिताय,” साहेब म्हणाले. “पण का जातो?”

“कारन हाय.”

“काय?”

“हाय,” बाई म्हणाल्या, आणि हात मांडीवर ठेवून बसल्या.

साहेब हसले. “जुनं तेच नवं, असं ठरलंय. आज संध्याकाळपर्यंत ओळीला ओळ जुळवून दाखवा. अट दिवसाची आहे, मिनिटाची नाही. त्या ओळीचं काय करायचं ते पुढं संचालक मंडळ बघेल.”

प्रसादला ती ओळ घालायला पाच मिनिटं लागली, प्लॉटचा नंबर तीनदा तपासला म्हणून. बाई त्याच्या मागे उभ्या राहिल्या. त्याने एंटरवर बोट ठेवलं आणि त्याच्याही तोंडून निघालं, “चल बाई.” हिरवं. बाई म्हणाल्या, “परत इचार.” परत हिरवं. साहेबांनी कागदावर सही केली. तबस्सुमने प्रिंटरच्या कागदाची अख्खी घडी उचलून हवेत उडवली आणि ती साहेबांच्या डोक्यावर पडली. तेही चाललं. प्रसाद बायकोला फोन लावून व्हरांड्यात गेला आणि तिथून त्याचा आवाज येत राहिला, “अगं जुळली! सगळी! सगळी!”

मी वही उघडली. नवी टेस्ट लिहिली, प्लॉटचा नंबर लिहिला आणि ‘कारण’ रकान्याशी येऊन थांबले. “बाई, आता सांगा.”

“सांगन,” बाई म्हणाल्या. “सायबांदेखत न्हाई. आन घाईत बी न्हाई.”

मी लॅपटॉप, वायरी, कागद अशी यादी धरून गाडीत सामान भरेपर्यंत वीस मिनिटं गेली. बाहेर आवारात पहिली टोळी उतरली होती. बायका चुलीसाठी दगड मांडत होत्या. टोळीच्या मुकादमाच्या हातात यादीवरची पहिली, म्हणजे त्याच प्लॉटची स्लिप होती आणि तो शेत आधी बघून ठेवायला ट्रॅक्टर घेऊन निघाला होता. तो या भागात नवा, त्याला रस्ता माहीत नव्हता. साळवेबाई साडी एका हातात गोळा करून ट्रॅक्टरच्या मडगार्डवर चढून बसल्या होत्या, दुसरा हात लांब करून ओढ्याच्या बाजूला दाखवत. इंजिनाच्या आवाजात त्या ड्रायव्हरला काहीतरी सांगत होत्या आणि तो मान मागे टाकून हसत होता. ट्रॅक्टर फाटकातून बाहेर पडला. मी हाक मारली. ती त्यांना ऐकू गेली नाही.

त्यानंतर बाई संगमनेरला लेकीकडे गेल्या. तिथल्या एका डेअरीचा जुना प्रोग्राम बदलतायत, त्यात त्या आता बसतात. मी दोनदा फोन केला. दोन्ही वेळा म्हणाल्या, “फोनवर सांगन्यासारखं न्हाई ताई, समक्ष या.” प्रसाद म्हणतो, प्लॉट कुणा बड्याचा असणार. तबस्सुम म्हणते, पुढच्या शेतांची वाट त्याच प्लॉटमधून जात असणार. मी अंदाज लिहीत नाही.

हंगाम सुरू आहे, नवी यादी चालते आहे, नानांची तोड वेळेत झाली. टेस्टच्या यादीत सगळ्या ओळी हिरव्या आहेत. एकीच्या पुढे रकाना रिकामा आहे.

काम : संगमनेरला जाऊन साळवेबाईंकडून कारण लिहून घेणे. चौकोन काढला आहे. खूण नाही.